पद्मिनीच्या गिअरबॉक्समधून ऑइल गळतंय? आधी शोधा, मग ओता

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण प्रीमियर पद्मिनीच्या खाली शिरलो होतो. व्हिडिओत घाईत सांगितलेल्या गोष्टी इथे सावकाश लिहितोय. गॅरेज टाकायचा विचार असेल तर हे शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझं नुकसान आहे आणि त्यातून तुमचं वाचू शकतं.

पद्मिनीच का घेतली? कुर्ल्याला फियाटच्या परवान्यावर बनलेली ही गाडी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही थांबली. टॅक्सी संपल्या, पण वडिलांची गाडी म्हणून घरी जपून ठेवलेल्या पद्मिनी अजून आहेत. या मालकांना पैशांपेक्षा भरवशाचा माणूस मिळत नाही. म्हणजे आपल्यासाठी काम आहे.

माझी चूक

कोल्हापुरात दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. गणपतीच्या आधी एक काका पद्मिनी घेऊन आले. "अंगणात डाग पडतोय रे, गावी जायचंय, बघ जरा." मी गाडी पुढून जॅकवर घेतली, गिअरबॉक्सचा लेव्हल प्लग उघडला, ऑइल कमी वाटलं म्हणून ओतलं. कव्हरच्या कडेला ओलं दिसलं, तिथे सिलिकॉन फासलं. ६५० रुपये घेतले आणि "काका, बिनधास्त जा" म्हणालो.

परत येताना साखरप्यावरून आंबा घाट चढताना क्लच स्लिप व्हायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागे काकू आणि दोन नातवंडं.

गाडी टोइंग करून आणली, गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट ऑइलने भिजलेली. झालं काय होतं? पुढून उचललेल्या गाडीत ऑइल मागे सरकलं, प्लगपाशी पातळी खोटी दिसली आणि मी गरजेपेक्षा जास्त ओतलं. जास्तीचं ऑइल गरम होऊन पुढच्या सीलमधून क्लचवर गेलं. आणि मूळ गळती? ती मागच्या सीलची होती, तशीच चालू. प्लेट, टोइंग, दोन माणसांचे दोन दिवस धरून साडेनऊ हजार माझ्या खिशातून गेले. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण ते खरं कळलं त्या दिवशी.

गळती शोधायची कशी

१. आधी धुवा. रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने गिअरबॉक्स खालून पूर्ण साफ करा, पुसून कोरडा करा. वरून साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. १०-१५ किलोमीटर चालवून आणा आणि गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा.

२. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. ऑइल खाली उतरतं आणि वाऱ्याने मागे जातं. थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही.

३. बोटाला लावून वास घ्या. गिअर ऑइल घट्ट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. इंजिन ऑइल वापरून काळं आणि पातळ झालेलं असतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. नाहीतर इंजिनच्या मागच्या सीलसाठी तुम्ही गिअरबॉक्स खोलून बसाल.

४. ब्रीदर असेल तर तो बघा. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल आणते. कधी कधी नुसता ब्रीदर साफ करून काम होतं.

दुरुस्ती

ड्रेन प्लग: वॉशर नवीन टाका. जुना उलटा करून लावू नका.

कव्हर: जुनं पॅकिंग खरवडून दोन्ही पृष्ठभाग साफ करा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. सिलिकॉन थापू नका, जास्तीचं आत पडतं.

मागचं सील: प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर खूण करा, तो तसाच परत बसला पाहिजे. जुनं सील दुकानात न्या आणि आतलं माप, बाहेरचं माप, जाडी अशी तिन्ही जुळवा. आता जिथे सीलचा ओठ घासतो तिथे नख फिरवा. खाच लागली तर नवीन सीलही गळणार. त्या भागाला स्लीव्ह बसवावी लागेल किंवा तो बदलावा लागेल, हे गिऱ्हाइकाला त्याच वेळी सांगा. सील बसवताना ओठाला ऑइल लावा, ओठ ऑइलच्या बाजूला ठेवा आणि सरळ ठोका.

ऑइल भरताना

ड्रेन प्लगच्या आधी भरायचा प्लग सैल करून बघा. ऑइल सगळं काढलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर गाडी तिथेच अडकली.

गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. खड्डा, रॅम्प किंवा चार स्टँड. नुसत्या जॅकवर खाली शिरायचं नाही. ऑइल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत आलं की थांबायचं.

ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग असतात, त्यांना साधारण जीएल-४ चालतं. जीएल-५ मधली काही रसायनं पितळाला त्रास देऊ शकतात. हायपॉइड डिफ्रन्शियलला मात्र जीएल-५ लागतं. म्हणून एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतू नका.

निघालेलं ऑइलही बघा. दुधट असेल तर पाणी गेलंय. बारीक पिवळी चमक जुन्या गाडीत दिसते, पण लोखंडाचे तुकडे दिसले तर मालकाला बोलवून दाखवा. जुनं ऑइल गटारात नाही, अधिकृत रिसायकलरकडे द्यायचं.

गाडी वर आहेच तर बाकीचंही तपासा. स्टिअरिंग बॉक्सचं ऑइल, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, इंजिन थंड असताना रेडिएटरचं पाणी. ब्रेक ऑइल कमी असेल तर नुसतं भरून पाठवू नका. ब्रेक शू झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय, याचा तो इशारा असतो. त्यात इंजिन ऑइल कधीच टाकू नका, रबर फुगून ब्रेक जातात.

धंद्याचं गणित

आता मी दोन वेगळे आकडे सांगतो. एक तपासणीचा, एक दुरुस्तीचा. धुणं, चालवणं, शोधणं यात अर्धा दिवस जातो, तो फुकट देऊ नका. तपासणी झाल्याशिवाय दुरुस्तीचा आकडा तोंडातून काढू नका. जॉब कार्डवर लिहा: किती ऑइल निघालं, किती भरलं, कोणत्या ग्रेडचं. १५ दिवसांनी गाडी परत बोलवा आणि पुठ्ठा टाकून बघा. आणि मालक म्हणाला, "फक्त टॉप-अप कर," तर तेही कार्डवर लिहा: "गळती दुरुस्त केलेली नाही."

ते काका अजून माझ्याकडे येतात. पैसे परत दिले म्हणून नाही. कुठे चुकलो ते गिअरबॉक्स उघडा असताना त्यांना दाखवलं, म्हणून. पण त्यांच्या नातवंडांची घाटातली ती रात्र मला भरून देता आली नाही.

पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं छापून घ्यायचं ते बघू. भेटूया!