दहा ताके, एकच बीम

भिवंडीत कापड तपासणाऱ्या माणसाला संख्याशास्त्र कुणी शिकवलेलं नसतं, पण त्यातली एक अवघड गोष्ट त्याला पक्की ठाऊक असते. दहा ताक्यांत एकाच जागी तोच दोष दिसला, की तो आधी विचारतो, ‘हे सगळे एकाच बीमचे का?’ सायझिंगमध्येच, म्हणजे सुताला खळ देतानाच, बीम (ताण्याच्या सुताचं मोठं रीळ) बिघडला असेल, तर त्यावर विणलेल्या प्रत्येक ताक्यात ती खोड उतरणारच. मग ते दहा साक्षीदार उरत नाहीत. एकाच साक्षीदाराने तीच साक्ष दहा वेळा दिलेली असते.

आजारांमागची जनुकं शोधताना नेमका हाच घोळ होतो. तिथे बीमच्या जागी पणजोबा असतात.

शोधाची रीत वरकरणी सोपी. एका बाजूला रुग्ण, दुसऱ्या बाजूला निरोगी माणसं. दोघांच्या डीएनएतल्या लाखो जागा तपासायच्या आणि एखादं ‘अक्षर’ रुग्णांत जास्त दिसलं, की त्यावर संशय घ्यायचा. हा योगायोग तर नव्हे, हे गणिताने ठरवायचं. पण ते गणित धरून चालतं, की यादीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याशी असंबंधित आहे. आपल्याकडे हे गृहीत धरणं म्हणजे लग्नाच्या मांडवात उभं राहून ‘इथे कुणी कुणाचं नात्यातलं नाही’ असं म्हणण्यासारखं.

समजा, मधुमेहाचा असा अभ्यास भिवंडीत करायचा ठरला. पद्मानगरात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, मागांच्या वस्त्यांत उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन अन्सारी, जुने कोकणी मुस्लिम, आगरी, कोळी, तालुक्याच्या गावांत वारली आणि कातकरी. रुग्ण एका वस्तीतून जास्त आले आणि निरोगी माणसं दुसऱ्या वस्तीतून, तर त्या पहिल्या समाजात मुळातच जास्त असलेलं कुठलंही अक्षर मधुमेहाचं कारण म्हणून पुढे येईल. मग त्याचा साखरेशी काडीचाही संबंध नसो.

ही भीती कागदी नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात पिमा आणि त्यांच्या शेजारच्या आदिवासींपैकी 4,920 जणांचा अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. रक्तातल्या एका प्रथिनाची विशिष्ट आनुवंशिक खूण असलेल्यांपैकी 8 टक्क्यांना मधुमेह होता, ती नसलेल्यांपैकी 29 टक्क्यांना. जणू संरक्षक कवचच हाती लागलं! पण ती खूण मुळात गोऱ्यांमध्ये मुबलक आणि पिमांमध्ये दुर्मीळ. ज्याच्याकडे ती सापडली, त्याच्या पूर्वजांत कुणी तरी युरोपीय असण्याची शक्यता मोठी. कुणाचा वंश किती मिश्र हे लक्षात घेऊन पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा कवच नाहीसं झालं.

वस्ती-वस्तीतला हा फरक निदान डोळ्यांना दिसतो. एकाच समाजातली आतली नाती जास्त चकवतात. मुंबईत एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली 12 अंतर्विवाही गटांमधल्या नात्यातल्या लग्नांची मोजदादच प्रसिद्ध केली होती. मामाच्या मुलीवरचा हक्क महाराष्ट्राला नवा नाही. इरावती कर्वे यांनी 1953च्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर नोंद केली आहे. तेलुगू समाजांत मामा-भाचीचं लग्नही पूर्वापार चालत आलेलं. आणि नात्यात लग्न न करणारी जातही पिढ्यानपिढ्या स्वतःतच सोयरीक करत राहिली, तर तिच्यातले ‘परके’ कितीसे परके?

एकाच पूर्वजाचा वारसा कसा चकवतो, याचं मुंबईइतकं सुंदर उदाहरण क्वचितच मिळेल. डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 साली ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. तोच बॉम्बे रक्तगट. या माणसांच्या तांबड्या पेशींवर ए आणि बी तर नाहीतच, पण त्यांचा पाया असलेला एच पदार्थही नाही. पुढे कळलं, की भारतीय प्रकारात एफयूटी1 या जनुकात एका अक्षराचा बदल आहे आणि शेजारचं एफयूटी2 जनुक साफ गायब आहे. तांबड्या पेशींचा एच जातो तो पहिल्यामुळे. दुसरं नुसतंच सहप्रवासी! पण दोन्ही बिघाड एकाच पूर्वजाकडून जोडीनेच आल्यामुळे निव्वळ टक्केवारी पाहणाऱ्याला दोघंही सारखेच गुन्हेगार दिसतील.

यावर तोडगा काय? नातेवाईक वगळा, हा पहिला. पण ब्रिटनच्या यूके बायोबँकेतल्या सुमारे पाच लाख माणसांपैकी 30 टक्क्यांचा चुलत-मामे भावंडाइतका किंवा त्याहून जवळचा कुणी ना कुणी नातेवाईक त्याच यादीत निघाला. आपल्याकडे असं गाळत बसलं, तर चाळणीत काय राहील?

दुसरा तोडगा आला गोठ्यातून. अमेरिकेत पशुपैदाशीचे अभ्यासक चार्ल्स हेंडरसन यांच्यापुढे प्रश्न होता, की वळू स्वतः दूध देत नाही, तर त्याचा कस ठरवायचा कसा? त्याच्या लेकींच्या दुधावरून. पण लेकी वेगवेगळ्या गोठ्यांत, शिवाय एकमेकींच्या बहिणी. त्यांनी गायींना वगळलं नाही; कोण कुणाची किती लागते, हा आकडाच समीकरणात घातला. 2006 साली हीच युक्ती मक्याच्या जनुकशोधात वापरली गेली आणि लवकरच माणसांच्या अभ्यासात रुळली. सख्ख्या भावंडांना अर्धा, मामा-भाचीला पाव, आतेमामे भावंडांना एक अष्टमांश, असा नात्यांचा तक्ता करायचा आणि साक्षीचं वजन त्या मानाने कमी धरायचं.

तक्ता वंशावळीवरून न करता थेट डीएनएवरून करतात, कारण वंशावळ अंदाज देते, हिशेब नाही. सख्खी भावंडं सरासरीने निम्मी सारखी असतात खरी. पण 2006 सालीच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 4,401 जोड्या मोजल्या, तेव्हा हे प्रमाण सुमारे 37 पासून 62 टक्क्यांपर्यंत पसरलेलं निघालं. शिवाय डीएनएला घरातल्या लपवाछपवीची भीड नसते.

मात्र नात्याकडे फक्त अडथळा म्हणून पाहणं अन्यायाचं ठरेल. 1996 साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये एका भारतीय मुस्लिम कुटुंबातल्या दोन भावंडांची हकिगत आली. दोघं सख्खी नव्हती, पण दोघांचीही उंची वाढीच्या संप्रेरकाअभावी फार खुंटलेली. हे संप्रेरक सोडण्याचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात, 72व्या स्थानी अवेळी पूर्णविराम पडलेला आढळला. दोन रुग्णांवर रुग्ण-निरोगी तुलनेचं गणित काहीच सांगू शकलं नसतं. इथे ती नात्यातली होती, हाच दुवा ठरला: दुर्मीळ चूक आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी त्याच पूर्वजाकडून येऊन एकत्र झालेली. थोड्याच वर्षांत सिंधमधल्या बुटक्या माणसांच्या कुटुंबांत नेमका तोच पूर्णविराम सापडला, आणि 2005 साली डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून पश्चिम भारतातल्या मुलांमध्येही. निरोप पोचत नसला, तरी संप्रेरक बाहेरून दिलं तर शरीर ते स्वीकारतं. वेळेवर इंजेक्शनं सुरू झाली, तर अशी मुलं वाढतात.