कणगीतला कडुनिंब

साठवणीच्या धान्यात कडुनिंबाचा पाला, बिबे, वेखंड किंवा राख घालण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. यांतले काही उपाय कीड खरोखर आवरतात, काही मनाच्या समाधानापुरतेच उरतात. कुठला उपाय कुठे लागू पडेल, हे वनस्पतीइतकेच किडीच्या राहणीवर ठरते.

गहू, तांदूळ, ज्वारी आणि मका यांत सोंडकिडा होतो. मादी सोंडेने दाणा पोखरते, आत एक अंडे घालते आणि भोकावर चिकट स्रावाचे बूच बसवते. अळी दाण्याच्या पोटातच वाढते. दाणा वरून धडधाकट दिसतो आणि बाहेरून मिसळलेली कडुनिंबाची पूड अळीपर्यंत पोहोचत नाही. बाहेर पडलेला प्रौढ किडा मात्र कित्येक महिने जगतो आणि तेवढे दिवस दाणे कुरतडत राहतो. कडू पूड गाठते ती याला.

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील एम. जी. जोतवानी आणि पी. सरकार यांनी १९६५मध्ये गव्हाच्या बियाण्यात निंबोळीच्या गराची पूड मिसळून पाहिली. दर १०० किलोला एक-दोन किलो पूड पुरली आणि सोंडकिडा, दाणे पोखरणारा लहान भुंगेरा व खपरा या तिघांपासून गहू कित्येक महिने सुरक्षित राहिला. निंबोळीतला मुख्य घटक अझाडिरॅक्टिन. तो १९६८मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात वेगळा काढण्यात आला. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की प्रयोगशाळेत तो बनवायला २००७ साल उजाडले. अझाडिरॅक्टिनने किडा जागच्या जागी मरत नाही. त्याची अन्नावरची वासना उडते आणि पूड पोटात गेलेल्या अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते. उन्हात हा घटक काही दिवसांतच निकामी होतो. शेतात फवारलेला अर्क म्हणूनच पुन्हापुन्हा मारावा लागतो, तर कणगीतल्या अंधारात पूड जास्त टिकते.

पाल्याची गोष्ट वेगळी. पानांत अझाडिरॅक्टिन गरापेक्षा फारच कमी असते. त्यातून पाला ओलसर राहिला तर धान्याला दमट करतो, म्हणजे किडीचीच सोय होते. निंबोळ्या पिकतात पावसाळ्याच्या तोंडावर आणि वर्षाचा गहू भरला जातो उन्हाळ्यात. निंबोळ्या आदल्या वर्षीच वेचून, धुऊन, सावलीत खडखडीत वाळवून ठेवाव्या लागतात, नाहीतर गराला बुरशी धरते. एवढा खटाटोप नको म्हणूनच बहुधा पाला लोकप्रिय झाला असावा.

तूर, मूग, चवळी यांतल्या भुंगेऱ्याचे सगळेच उलटे. डब्यातली मूठभर तूर उजेडात धरली तर दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतात. ती त्याची अंडी, दाण्याच्या सालीला बाहेरून चिकटवलेली. अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि शेवटी सालीला गोल खिडकी पाडून भुंगेरा बाहेर येतो. साठवणीत त्याचे खाण्यावाचून काहीच अडत नाही. अळी असतानाच जमवलेल्या शिदोरीवर तो एक-दोन आठवडे जगतो, अंडी घालतो आणि मरतो. कडू चवीने त्याची उपासमार होणार नाही.

पण अंडे उघड्यावर असते आणि तिथेच तो सापडतो. कडधान्याला तेलाचा हात फिरवला की तेलाच्या पातळ थराने अंड्याचा श्वास कोंडतो आणि आतला जीव दगावतो. किलोला ५ ते १० मिलिलिटर तेल पुरते. खाण्याच्या कडधान्याला खाद्यतेल किंवा एरंडेल लावतात, बियाण्याला निंबोळीचे किंवा करंजाचे तेलही चालते. सोंडकिड्याचे अंडे बुचाआड असल्याने तेलाचा तितका प्रभाव त्याच्यावर पडत नाही.

वनस्पतीतले सगळेच निरुपद्रवी, असे मात्र नाही. वेखंडातल्या बीटा-ॲसारोनने किड्यांची प्रजननक्षमता जाते, पण त्याच द्रव्याने प्रयोगातल्या उंदरांना गाठी झाल्या. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. या दोन्ही पुडी खाण्याच्या धान्यात घालू नयेत.

कडधान्याची कीड बहुधा शेतातूनच घरी येते. धान्य भरतानाच ती दाण्याच्या आत असेल, तर ना पूड कामाची ना तेल. असे धान्य आधी चाळून, कडक उन्हात पसरून दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवावे लागते. तेल आणि पूड त्यानंतर.