मोटारीचीं द्वारें व पेट्रोलची टाकी

कांदिवलीच्या पश्चिमेस चारकोप येथें बोरीवली विभागाचें परिवहन कार्यालय आहे. नोंदणीच्या व तपासणीच्या निमित्तानें तेथें नाना तऱ्हेच्या मोटारी येतात. मोटार पाहतांना आपलें लक्ष बहुधा तिच्या रंगाकडे किंवा वेगाकडे जातें. परंतु तिच्या अंगावर जीं लहानमोठीं द्वारें असतात, तीं कोठें आहेत व तेथेंच कां आहेत, हा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तोच येथें थोडक्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण एका द्वाराविषयींच्या अज्ञानानें गाडी आणि प्रसंगीं प्राणही गमावण्याची वेळ येते.

प्रथम पेट्रोलच्या टाकीचा इतिहास पाहूं. अमेरिकेंतील फोर्ड कारखान्याची 'मॉडेल टी' ही गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या बहुतेक प्रकारांत टाकी पुढच्या बैठकीखालीं असे. पेट्रोल घालावयाचें म्हणजे बसलेल्या मनुष्यानें उठावें, गादी उचलावी, झांकण काढावें आणि काठी बुडवून आंत किती आहे तें मोजावें! पेट्रोल वर चढविणारा पंप नव्हता. तें आपल्या वजनानेंच यंत्राकडे उतरत असे. त्यामुळें टाकींत थोडें पेट्रोल असतां उभा चढ लागला, तर यंत्र उपाशी राही, आणि चालक गाडी उलटी फिरवून मागच्या चालीनें चढ चढत. पुढें आलेल्या 'मॉडेल ए' गाडींत टाकी समोरच्या काचेच्या पुढें, यंत्राहून उंच ठेविली, आणि तिचें झांकण काचेसमोरच आलें. पंप आल्यावर टाकीस उंच जागेची गरज उरली नाहीं व ती बहुतेक गाड्यांत मागें गेली. १९४१ च्या कॅडिलॅक गाडींत तर पेट्रोल घालण्याचें तोंड मागच्या दिव्याखालीं लपविलेलें होतें. तात्पर्य, द्वार कोठें असावें हें आंतील व्यवस्थेवरून ठरतें.

आतां आपल्या मुंबईचें उदाहरण घेऊं. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत जी फियाट ११०० होऊं लागली, तीच पुढें 'पद्मिनी' या नांवानें घरोघर ठाऊक झाली. या गाडीचा मूळ नमुना इटलींत १९५३ सालीं निघाला. त्याच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस होत्या. असें दार धांवत्या गाडींत चुकून उघडलें, तर वारा तें सताड उघडतो. पुढच्या बाजूस बिजागरी असली म्हणजे तोच वारा दार मिटवूं पाहतो. म्हणून पुढें ही रचना बदलली. मुंबईंत पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपतांच ऑक्टोबर २०२३ अखेर ती जात रस्त्यावरून गेली. ज्या टॅक्सींत गॅसची नळकांडी बसविली होती, तींत डिकीची जागा त्या नळकांड्यानेंच अडविली व उतारूंचें सामान छपरावर गेलें, हें आपल्या पालकांस आठवत असेल.

आतां मुख्य गोष्ट. जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बंद पडतो. कारण टाकींत पेट्रोलावर तरंगणारा जो भाग काट्यास खबर देतो, तो गंजतो. अलीकडे पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत एथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं. म्हणून टाकीपर्यंत पोंचण्याची गरज वाढली आहे. कांहीं गाड्यांत निर्मात्यानें डिकीच्या तळांत किंवा मागच्या बैठकीखालीं त्यासाठीं लहान झांकण ठेविलेलें असतें. कांहींत तें नसतें; तेथें टाकी खालून उतरवावी लागते. हें काम कष्टाचें. अशा वेळीं 'पत्रा कापून वरूनच भोंक पाडूं' असा मोह होतो.

या मोहांत तीन संकटें आहेत. पहिलें आगीचें. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें खोलगट जागीं सांचून राहते. शंभर भाग हवेंत ती सुमारें दीड ते साडेसात भाग मिसळली, कीं एक ठिणगी पुरे. याच कारणानें भरलेल्या टाकीपेक्षां नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक भयंकर असते. दुसरें संकट बळाचें. फियाट ११०० सारख्या गाडीस निराळी चासी नसते. पत्र्याचें कवच हाच तिचा सांगाडा. घराची भार वाहणारी भिंत फोडावी, तसा हा प्रकार होय. तिसरें असें, कीं टाकी व माणसें यांमधील आडपडदा नाहींसा होतो.

शिवाय कायदाही आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येतें. परंतु ती मूळ स्वरूपांत असली पाहिजे व तिच्या चासींत, कवचांत किंवा यंत्रांत मोठा फेरफार झालेला नसावा. वडिलांनीं जपून ठेविलेल्या गाडीचा हा मान एका आडमुठ्या भोंकापायीं धोक्यांत कां घालावा?

योग्य रीत सरळ आहे. गाडी उघड्या जागीं, विस्तवापासून दूर उभी करावी. बॅटरीची तार सोडावी. पेट्रोल घट्ट झांकणाच्या धातूच्या डब्यांत काढावें. निर्मात्यानें द्वार ठेविलें असेल तर त्यानेंच हात घालावा, नसेल तर टाकी खालीं उतरवावी. आणि परत बसवितांना झांकणाखालील जुनी चकती टाकून नवी घालावी. हें काम जाणत्या मिस्त्रीचें आहे. विद्यार्थ्यांनीं तें दुरून पाहावें व प्रश्न विचारावे.

ज्यानें वस्तु घडविली त्यानें द्वार कोठें ठेविलें व कोठें ठेविलें नाहीं, या दोहोंसही कारण असतें. तें कारण कळेपर्यंत करवत हातीं न घेणें, यांतच शहाणपण आहे.