उरलेल्या औषधाचं काय करायचं?

आमच्याकडे, यवतमाळच्या कापूसपट्ट्यात, कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. ते 'औषध'. पण 'त्यानं औषध घेतलं' असं कुणी हलक्या आवाजात सांगितलं, की दवाखान्यातलं औषध कुणाच्या मनातही येत नाही.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी जुना गोठा पाडायला काढला, तेव्हा माळ्यावर अकरा डबे-बाटल्या निघाल्या. एंडोसल्फानचा गंजलेला डबा, मोनोक्रोटोफॉसची अर्धी बाटली, पिशवीतच दगड झालेली पांढरी पावडर आणि लेबल गळून पडलेल्या तीन बाटल्या. आई म्हणाली, "राहू दे, कामी येईल." धाकटा भाऊ म्हणाला, "नाल्यात ओत अन् बाटल्या भंगारवाल्याला दे." मला दोन्ही पटेना. तिसरा मार्ग शोधताना जे हाती लागलं, ते इथं मांडतो आहे.

आधी नाल्याचं. एंडोसल्फान माशांना अत्यंत घातक. ते आणि त्यापासून तयार होणारी द्रव्यं मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. म्हणूनच २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षी स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचं नाव गेलं. पुरलं तर पावसाबरोबर ते विहिरीकडे सरकू शकतं. आणि जाळलं तर? शेकोटीच्या आचेत असं रसायन पुरतं जळत नाही. त्यातल्या क्लोरीनमुळे धुरात डायॉक्सिनसारखी, मूळ औषधाहूनही चिवट विषं तयार होऊ शकतात. ते नीट नष्ट करायला ११०० अंश सेल्सिअसच्या वरची भट्टी लागते, त्या उष्णतेत वायू किमान दोन सेकंद राहावा लागतो आणि बाहेर पडणारा धूर धुऊन घ्यावा लागतो. सिमेंटच्या भट्टीत १४०० अंशांपुढे तापमान जातं आणि चुनखडी आम्ल शोषून घेते, म्हणून असा कचरा तिथंही जाळता येतो. गोठ्यामागच्या उकिरड्यावर यातलं काहीच नसतं.

आता बाटल्यांचं. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामनच्या प्राथमिक शाळेत मुलं मध्यान्ह भोजनाला बसली. त्यातली २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेल्याचं पुढे आलं. हेच औषध आमच्या माळ्यावर अर्धी बाटली होतं. असा डबा दिसायला रिकामा असतो, पण तळाशी आणि कडांना औषध उरतंच.

कायदा नाही असं नाही. कीटकनाशक कायदा १९६८चा, त्याखालचे नियम १९७१चे. त्यातला ४४वा नियम सांगतो, की उरलेलं औषध, डबे आणि धुण्याचं पाणी यांमुळे पाणी वा परिसर दूषित होऊ नये. डबे पुन्हा वापरले जातील असे बाहेर टाकू नयेत, ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. डब्याची ही व्यवस्था झाली. पण आत शिल्लक असलेल्या अर्ध्या बाटलीचं शेतकऱ्यानं नेमकं काय करायचं? घातक कचऱ्यासाठी २०१६चे वेगळे नियम आहेत आणि आपल्या राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं त्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत. पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी. तिथं माल टनांत जातो, माझ्याकडे होत्या अकरा डबे-बाटल्या. एका सरकारी कार्यालयात मी विचारलं, तर समोरचे गृहस्थ मनापासून चकित झाले. "विकत घ्यायला येतात लोक. परत द्यायला कोणी येत नाही."

२०१७च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर मास्क, हातमोजे यांवर पुष्कळ बोललं गेलं. फवारून उरतं त्याबद्दल कुणी बोललं नाही.

साठू दिलेलं विष किती महाग पडतं, हे भोपाळनं दाखवलं. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातला ३३७ टन कचरा १९८४च्या दुर्घटनेनंतर चाळीस वर्षं तिथंच राहिला. जानेवारी २०२५मध्ये तो पीथमपूरला हलवला आणि लोकांच्या विरोधातून, न्यायालयाच्या देखरेखीखाली, त्या वर्षीच्या जूनअखेर जाळून संपला.

परतीचा रस्ता बांधता येतो. ब्राझीलनं २००० साली कायदा करून जबाबदारी वाटून दिली. शेतकऱ्यानं डबा धुऊन वर्षभरात परत करायचा, विक्रेत्यानं परतीचं ठिकाण बिलावर लिहायचं, कंपनीनं ते उचलून न्यायचे. आज तिथले ९० टक्क्यांहून अधिक प्लास्टिकचे डबे परत येतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात कृषी विभाग १९८८पासून नको असलेली कीटकनाशकं गोळा करतो. शेतकरी आधी यादी कळवतो आणि ठरल्या दिवशी माल आणून देतो.

हे आपल्याकडे होईपर्यंत मी एवढंच केलं. हातमोजे घालून प्रत्येक डबा उभा ठेवला. एकातलं दुसऱ्यात ओतलं नाही, कारण दोन रसायनं एकत्र आली तर काय होईल सांगता येत नाही. गळका डबा घट्ट झाकणाच्या मोठ्या पिंपात ठेवून भोवती कोरडी माती भरली. नाव, अंदाजे प्रमाण आणि लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग वहीत लिहिला. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबल नव्हतं तिथं 'अज्ञात विष' असं लिहिलं. सगळं घरापासून, दाण्यागोट्यापासून आणि विहिरीपासून दूरच्या खोलीत कुलपात ठेवलं. यंदा भावानं लागेल तेवढंच औषध आणलं. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी त्याच फवारणीच्या पंपात ओतलं आणि बाटलीला भोकं पाडली.

ग्रामसभेत मी मागणी मांडली आहे, की खरीप तोंडावर येण्याआधी तालुक्याला एक दिवस असा ठरवावा, की ज्या दिवशी असं औषध विनाशुल्क आणि चौकशीचा ससेमिरा न लावता जमा करून घेतलं जाईल. ठराव झाला. सभा संपल्यावर चौघं जण जवळ येऊन हळूच म्हणाले, "आमच्याकडेही आहे."

त्या चौघांच्या याद्या आता माझ्या वहीत आहेत. खोलीची किल्ली आईकडे आहे. 'कामी येईल' असं ती आता म्हणत नाही, पण 'नेतील केव्हा?' हे मात्र दर महिन्याला विचारते.