टिप्याची सायकल

आमच्या टिप्या कुत्र्याच्या अंगावर एक जादूची जागा आहे. डाव्या बरगड्यांवर, बगलेच्या थोडी मागे. तिथे खाजवलं रे खाजवलं की त्याचा मागचा डावा पाय आपोआप सायकल मारायला लागतो. फट्‌फट्‌फट्‌फट्! मग आम्ही सगळे हसतो आणि म्हणतो, "बघा, साहेब कसे खूश झालेत!"

पण साहेबांच्या खुशीचा आणि त्या पायाचा काही संबंधच नाही!

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी या सायकलीचा पिच्छा पुरवला. पिसू चावली की पाय असाच चालतो, पण खऱ्या पिसवा काही सांगितल्या वेळी चावत नाहीत. म्हणून त्यांनी चक्क विजेची पिसू बनवली. एक बारीकशी सुई, केसांच्या मुळाशी टेकवली की अगदी हलका विजेचा चिमटा काढणारी. चिमटा बसला की पाय सुरू, सेकंदाला चार-पाच वेळा! त्यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडलेला होता, तरीही पाय तस्साच चालायचा. (वाचून वाईट वाटलं ना? मलाही वाटलं.) म्हणजे हा हुकूम मेंदूकडून येतच नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू परस्पर ठरवतो, 'पिसू आलीय, झाडा पाय!' यालाच म्हणतात प्रतिक्षिप्त क्रिया. शेरिंग्टन यांना पुढे 1932 साली नोबेल पारितोषिक मिळालं.

मग टिप्याला खरंच काय आवडतं, हे कसं कळायचं?

ते आम्हाला कळलं तो म्हातारा झाल्यावर. त्याच्या मागच्या खुब्यात संधिवात शिरला. फरशीवरून उठताना तो कण्हायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रोज थोडी मालिश करा. खांद्यांना विसरू नका."

खांद्यांना? दुखतंय मागे आणि मालिश पुढे?

तुमच्या गळ्याखाली हात फिरवा. दोन्ही बाजूंना एकेक आडवं हाड लागेल. तुमचा हात त्या हाडाने सांगाड्याला जोडलेला आहे. कुत्र्याला हे हाड जवळजवळ नसतंच! त्याचे पुढचे पाय धडाला जोडलेले असतात ते फक्त स्नायूंनी. पाळण्याच्या झोळीत बाळ असावं, तसं त्याचं धड स्नायूंच्या झोळीत लटकलेलं असतं. वर आणखी, उभ्या कुत्र्याचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. टिप्या 20 किलोचा, म्हणजे 12 किलो पुढे. मागे दुखायला लागलं की तो आणखी भार पुढे ढकलतो, आणि ती बिचारी झोळी आंबून जाते.

मालिशचं काम आजीने घेतलं. तिने आयुष्यभर गावातल्या बाळांना तेल लावून न्हाऊ घातलंय. डॉक्टर म्हणाले, तेल नको. कुत्रा अंग चाटतो, तेल पोटात जाईल, आणि टी ट्री सारखी काही तेलं तर त्याला विषारीच. आजी हिरमुसली. "तेलाशिवाय कसली मालिश? नुसतं पुसणं ते!"

पण हात तिचाच. सपाट तळवा, मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने, अगदी सावकाश. मग खांद्यावर कणीक तिंबल्यासारखं, पण मऊ. हाडांवर दाब नाही. सुजलेल्या, जखम झालेल्या जागेला तर हातच नाही.

या 'सावकाश'मध्येही विज्ञान आहे बरं का. माणसाच्या केसाळ कातडीत काही खास मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर अशा संथ वेगाने कुणी कुरवाळलं की ते सर्वांत जास्त जागे होतात. स्वतःच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत मोरपीस फिरवून बघा, आधी एका सेकंदात आणि मग सहा सेकंदांत. फरक मला नका विचारू, तुम्हीच सांगा. आणि अमेरिकेत होर्स्ली गँट या शास्त्रज्ञांना दिसलं होतं, की माणसाने कुरवाळलं की कुत्र्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

आता टिप्याला विचारायची युक्ती. फार सोपी आहे: हात थांबवायचा. मिनिटभर चोळलं की आजी हात उचलते आणि गप्प बसते. टिप्या सरकून जवळ आला, नाकाने हात ढोसला, तर 'अजून हवंय'. तोंड फिरवलं, ओठ चाटले, झोप आलेली नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवला, तर 'पुरे'. अर्थात हे सगळं घरच्या, ओळखीच्या कुत्र्यासाठी, आणि मोठं माणूस शेजारी असताना. रस्त्यावरच्या किंवा झोपलेल्या कुत्र्यावर प्रयोग अजिबात नको!

परवा आजीने हात थांबवला. टिप्या उठला, न कण्हता. अंग झाडलं, आणि मागे वळूनही न बघता ओसरीवर निघून गेला.

"साडीचोळी न देताच गेला मेला!" आजी म्हणाली.