न्यूट्रलआधी चाक अडवा

चितेगावच्या पैठण रस्त्यावर कारखान्यांच्या बस, मालट्रक आणि फाल्गुनात नाथषष्ठीला निघालेल्या दिंड्या एकाच डांबरावरून जातात. तिथे बॅटरी उतरलेली गाडी गिअरमध्ये अडकली की गोळा झालेली माणसं आधी सांगतात, ‘न्यूट्रल करा, ढकलू.’ सल्ला बरोबर, क्रम चुकीचा. बंद गाडीला पुष्कळदा गिअर किंवा ‘पार्क’ एवढंच धरून ठेवत असतं. ती पकड सोडायची तर आधी दुसरी हवी: हँडब्रेक ओढा, उताराच्या बाजूने चाकाखाली दगड लावा. इकडचा रस्ता सपाट, मग दगड कशाला, असं कुणी विचारेल. पण टनभराची गाडी घरंगळायला डोळ्यांना न जाणवणारा उतारही पुरतो.

साध्या गिअरच्या गाडीत पुढचं काम सोपं असतं, कारण क्लचला वीज लागत नाही. दात्यांवर ताण असल्याने गिअर निघत नसेल तर दगड जरा लांब सरकवून, हँडब्रेक सैल करून, क्लच दाबून गाडी बोटभर पुढेमागे हलवावी. खरी अडचण ऑटोमॅटिकची. ‘पार्क’मध्ये गिअरबॉक्सच्या आतला खटका दातेरी चाकात बसतो आणि लिव्हरचं कुलूप उघडायला ब्रेकवर पाय व वीज, दोन्ही लागतात. वीजच नसेल तर? पुष्कळ गाड्यांत लिव्हरशेजारी छोट्या टोपणाखाली फट असते. ब्रेक दाबून धरायचा, फटीत पेचकस दाबायचा आणि लिव्हर ‘एन’वर आणायची. फट नेमकी कुठे, ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. ती बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या खणात कोरीच पडलेली असते.

इतकी उपयोगाची गोष्ट लपवायची कशाला, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. ऑडी ५००० आपोआप सुसाट सुटते अशी ओरड तिथे १९८६ च्या सुमारास झाली. १९८९ च्या सरकारी अहवालाने बव्हंशी दोष ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेल्या पायाला दिला. ब्रेकवर पाय असल्याशिवाय न हलणारी लिव्हर हा त्यावरचा उपाय. सप्टेंबर २०१० पासून तो तिथे सक्तीचा आहे. सुटकेची कळ सहज हाती लागली असती, तर पोराटोरांनीही गाडी सोडून दिली असती.

बटणाने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत अशी फट बहुधा नसतेच. इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी भरलेली असली तरी बारा व्होल्टची छोटी बसली की गिअर हलत नाही. तिथे जोर लावण्यापेक्षा जम्पर केबलने छोट्या बॅटरीला वीज देणंच शहाणपणाचं.

न्यूट्रल झालं की सीटवर बसलेल्याने ब्रेक दाबून धरावा, मगच दगड आणि हँडब्रेक काढावा. इंजिन बंद असताना एकदोनदा दाबल्यावर ब्रेक कडक होतो, स्टिअरिंग जड जातं, आणि किल्ली काढली तर तेही कुलूपबंद होतं. ऑटोमॅटिक गाडी फार तर रस्त्याच्या कडेपर्यंत ढकलावी. इंजिनाविना तिच्या गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, म्हणून गॅरेजपर्यंत ती दोरीने ओढत न नेता सपाट ट्रकवर चढवून न्यावी.