चढ-उतारांचे लिस्बन : तीन दिवसांची आखणी



परदेश प्रवासाचा बेत ठरला की आपण प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. लिस्बनला जायचे असेल, तर यादीआधी चढणी पाहाव्यात, असे आम्ही सुचवू. पोर्तुगालची ही राजधानी तेजो नदीच्या मुखाशी सात टेकड्यांवर वसली आहे, असे म्हणतात. नकाशावर बोटभर वाटणारे अंतर प्रत्यक्षात शंभर पायऱ्यांचे निघते. सोबत आजी-आजोबा असतील, तर हा विचार घरीच करावा. नाहीतर पहिल्याच दिवशी गुडघे कुरकुरू लागतात आणि उरलेला वेळ हॉटेलात जातो.

पालकांसाठी थोडी माहिती. भारतीय पासपोर्टधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमाही आवश्यक असतो. मे महिना हवामानाला चांगला. हिवाळ्यात तेथे पाऊस पडतो. पदपथांवर चुनखडीच्या लहान दगडांची फरसबंदी आहे. ती ओली झाली की फार निसरडी होते, म्हणून रबरी तळाचे बूट घ्यावेत.

पहिला दिवस सपाटीचा ठेवावा. नदीकाठचा बायशा भाग सरळ, काटकोनी रस्त्यांचा आहे. याला कारण आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी शहराचा मोठा भाग नष्ट झाला. त्यानंतर पोंबालचा मार्क्विस या मंत्र्याच्या देखरेखीखाली हा भाग नव्याने आखला गेला. भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवला, म्हणजे धक्का बसला तरी घर एकदम कोसळू नये.

दुसरा दिवस टेकडीचा. नियम एकच : वर वाहनाने जावे, खाली पायी यावे. सांव जॉर्जचा किल्ला आधी पाहून मग आल्फामाच्या गल्ल्यांतून नदीकडे उतरावे. आल्फामा भूकंपातून बराचसा वाचला, म्हणून तेथील वाटा अजून जुन्या वळणाच्या आहेत. 28 क्रमांकाची पिवळी ट्राम याच भागातून जाते. तिच्यात गर्दी असते आणि खिसेकापूही, म्हणून सकाळी लवकर बसावे.

चढ चढणाऱ्या दोरवाहनांविषयी सावधपणे सांगतो. यात दोन डबे एकाच तारेने जोडलेले असतात. एक उतरतो, तेव्हा त्याच्या वजनाने दुसऱ्याला चढायला मदत होते. 1885 साली सुरू झालेल्या ग्लोरिया मार्गावर 3 सप्टेंबर 2025 रोजी ही जोडणी तुटली आणि अपघातात 16 जणांचा मृत्यू झाला. म्हणून कोणती सेवा चालू आहे हे निघण्यापूर्वी तपासावे, आणि तिच्यावाचूनही दिवस पार पडेल अशी आखणी करावी.

तिसरा दिवस बेलेंचा. 15 क्रमांकाची ट्राम नदीकाठाने तेथे नेते, चढ नाही. 1497 साली वास्को द गामा येथूनच निघाला. जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. मठ सोमवारी बंद असतो, हे वार ठरवताना ध्यानात घ्यावे. जवळच्या चौकात आफोंसो द आल्बुकर्कचा पुतळा आहे. 1510 साली गोवा जिंकणारा तो हाच. तेथे हे पराक्रम म्हणून मांडले जाते. आपल्याला मात्र 19 डिसेंबर 1961 देखील ठाऊक आहे. राग न धरता, पण दोन्ही तारखा मनात ठेवून हा पुतळा पाहावा.

शाकाहारी मंडळींनी ध्यानात ठेवावे की तेथील प्रसिद्ध गोड पदार्थात, पाश्तेल द नातामध्ये, अंड्याचा बलक असतो.

लिस्बनला जाणे सर्वांनाच शक्य नाही. पण जुने गोव्यात नदीकडे तोंड करून उभी असलेली व्हाइसरॉयची कमान आपण पाहू शकतो. वास्को द गामाच्या पणतूने ती 1599 साली बांधली आणि तिच्यावर पणजोबांचा पुतळा बसवला. या सुटीत ती नीट पाहून या आणि काय दिसले ते दहा ओळींत लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.